हात जपायचा की वापरायचा?

गोंदिया जिल्ह्यात पावसाळ्यात धानाची रोवणी प्रामुख्याने बायकांच्याच हातांनी होते. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या बाईला मात्र बजावले जाते, 'त्या हाताने जड उचलू नकोस.' (मग घागर कोण उचलणार, हे कोणी सांगत नाही!) हा सल्ला आला कुठून?

अमेरिकन शल्यविशारद हॉलस्टेड यांनी १८८२ पासून स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील लसीकाग्रंथीही काढण्याची पद्धत रूढ केली. ग्रंथी गेल्या की लसीकेचा निचरा अडतो आणि हात सुजू शकतो. श्रमाने सूज वाढेल, ही समजूत त्यातूनच रुजली. पुढे शस्त्रक्रिया लहान झाली, समजूत तशीच राहिली.

१९९६ साली कॅनडात डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी अशा २४ स्त्रियांना चक्क लांब होडी वल्हवायला बसवले. एकीलाही नव्याने सूज आली नाही. पुढे अमेरिकेत कॅथरिन श्मित्झ यांनी आधीच हात सुजलेल्या १४१ स्त्रियांची पाहणी केली. वजने उचलणाऱ्या गटात सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले (२००९). स्नायू आकुंचन पावले की लसीका पुढे ढकलली जाते, हे विद्यार्थ्यांना सहज पटेल.

अर्थात त्या वजने उचलायला देखरेखीखाली शिकल्या, अगदी हलक्यापासून हळूहळू वाढवत, हातावर घट्ट बाही चढवून. शस्त्रक्रियेनंतर आधी डॉक्टरांना विचारून खांद्याच्या सौम्य हालचाली, जखम भरल्यावर पुढचे. आणि बांधीतल्या चिखलात त्या हाताला काप गेला, तो लाल झाला, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.