सतरा टक्क्यांवर घात

स्थळ: मध्य रेल्वे, डोंबिवली ते सीएसएमटी आणि परत. पात्रं: एक नोकरदार आणि त्याचा तीन वर्षांचा फोन. रेल्वेचा पास, पैसे, बायकोचा नंबर, सगळं फोनमध्ये. पाकिटात पॅनकार्ड आणि गणपतीचा फोटो.

सकाळी ६.१०, १०० टक्के. रात्रभर चार्जरला लावलेला फोन उशीखालून बाहेर येतो, कोमट. लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत: उष्णता आणि तासन्‌तास काठोकाठ भरून राहणं. उशीखाली दोन्हींची सोय होती. बहुतेक फोनच्या बॅटऱ्या चार्जिंगच्या ५०० ते १,००० पूर्ण फेऱ्यांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येतात. म्हणजे हे शंभर टक्के नव्या फोनचे शंभर टक्के नव्हेत.

८.०५, ८४ टक्के. डब्यात श्वास घ्यायला जागा नाही, रील बघायला आहे. लोखंडी डब्यात सिग्नल आधीच क्षीण, त्यात गाडी पळतेय, टॉवर बदलताहेत. सिग्नल जितका क्षीण, तितका जोर लावून फोनला ओरडावं लागतं. रीलपेक्षा हे ओरडणंही काही कमी महाग नसतं.

१०.१५, ६२ टक्के. ‘सी-टाइप आहे का रे कुणाकडे?’ आहे, पण वायर अशी की विशिष्ट कोनात धरली तरच चार्ज होतो.

दुपारी १.२०. टपरीवर दहा रुपयांचा चहा, स्कॅन करून.

४.००, ४३ टक्के. आता काटकसर. मागची सगळी ॲप्स बोटाने वर ढकलून बंद करणं हा आपला राष्ट्रीय उपाय. त्याने फारसं काही वाचत नाही; तीच ॲप्स पुन्हा मुळापासून उघडताना जास्त खर्च होतो. स्क्रीनचा उजेड कमी केला असता तर उपयोग झाला असता. पण मग रील नीट दिसत नाही.

संध्याकाळी ६.३८, २४ टक्के. सीएसएमटी. शेजारच्या माणसाकडे पॉवर बँक आहे. मागायला जीभ रेटत नाही.

७.२४, १७ टक्के. ठाणं गेलं. घरून लेकीचा व्हिडिओ कॉल: ‘बाबा, प्रोजेक्ट बघा ना!’ कॅमेरा, पडदा, नेटवर्क एकदम वीज मागतात. पडदा काळा.

सतरा टक्के होते ना? होते, म्हणजे फोनचा तसा अंदाज होता. बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. एकदम जास्त वीज मागितली की व्होल्टेज कोसळतं आणि फोन स्वतःच बंद होतो. ॲपलने जानेवारी २०१७ मध्ये याच कारणासाठी जुने आयफोन मुद्दाम संथ करणारं अपडेट दिलं. डिसेंबरात ते उघड झाल्यावर कंपनीला माफी मागावी लागली आणि अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणावा लागला.

७.५१. डोंबिवलीचा पूल. टीसी.

‘पास?’

‘साहेब, फोनमध्ये आहे. फोन बंद पडलाय.’

‘चालू करा.’

‘होत नाहीये. पास खरंच आहे हो, तिमाही आहे.’

‘असेल. दाखवता येत नाही ना? पावती फाडतो. कॅश नसेल तर क्यूआर आहे, स्कॅन करा.’

टीसीची यात चूक नाही. मोबाइल तिकीट दाखवता आलं नाही तर प्रवासी विनातिकीट धरला जातो, मग बॅटरी संपलेली असो की फोन फुटलेला. किमान दंड २५० रुपये, वर भाडं.

तेव्हा मंडळी, फोन जुना झाला असेल तर नवा घेऊ नका, बॅटरी बदलून घ्या. आणि तोवर पास खिडकीवरून कागदाचाच काढा, पाकिटात पाचशेची एक नोट ठेवा आणि घरचा एक तरी नंबर पाठ करा.