बजाजनगर व नाथसागराचा काठ

बजाजनगर : छत्रपती संभाजीनगर शहराच्या नैर्ऋत्येस, अहिल्यानगर रस्त्यालगतची वाळूज औद्योगिक क्षेत्रातील कामगारवस्ती. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना येथे सुरू झाला आणि त्याचेच नाव वस्तीला मिळाले. मागोमाग सुटे भाग बनवणारे लहानमोठे कारखाने आले. मराठवाडा, विदर्भ व खानदेशातील कुटुंबे पोटासाठी येऊन इथलीच झाली. लगतच्या पंढरपूर नावाच्या गावातील विठ्ठलमंदिरात आषाढीला मोठी गर्दी लोटते. ज्यांना चंद्रभागेकाठच्या मूळ पंढरपुरापर्यंत जाणे जमत नाही, त्यांची वारी येथे पुरी होते.

समुद्र येथून अडीचशे किलोमीटरांहून दूर. परिसराला किनारा आहे तो दक्षिणेकडील नाथसागराचा, आणि वाळूजच्या कारखान्यांना एमआयडीसी जे पाणी पुरवते तेही याच जलाशयातले. पैठणजवळ गोदावरी अडवून तो झाला. धरण आधी बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळ बांधायचे होते. जागा बदलून पैठणला आली, प्रकल्पाचे नाव मात्र जायकवाडीच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांनी पायाभरणी केली व २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. धरणाची लांबी सुमारे १० किमी., दरवाजे २७, एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट). जलाशयाने सुमारे ३५० चौ.किमी. जमीन व शंभराहून अधिक गावे पोटात घेतली.

जलाशय पसरट आणि उथळ आहे. त्यामुळे त्याचा काठ एका जागी राहत नाही. पाणी थोडे उतरले तरी काठ लांबवर मागे सरकतो, आणि उघड्या पडलेल्या काळ्या गाळात शेतकरी गाळपेर करतात. टंचाईच्या वर्षी बुडालेल्या गावांचे चौथरे व देवळे वर येतात. उलट ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून सोडलेल्या पाण्याने पैठण शहरात पूर आला होता. पाण्याचा वाद तर पाचवीला पुजलेला. वरच्या नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणांतून जायकवाडीत किती पाणी सोडायचे, हे समन्यायी वाटपाच्या कायद्याने ठरते. खरिपाअखेर जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांखाली असला की वरून पाणी सोडण्याची मागणी सुरू होते.

जलाशयात मासेमार होड्यांतून, नाहीतर थर्माकोलच्या चप्पूवर बसून जाळी टाकतात. रोहू, कटला, मरळ, वाम हे मासे मिळतात. १९८६ मध्ये जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात पट्टकदंब, चक्रवाक, थापट्या बदके आणि रोहित उतरतात. सोनेवाडीचा काठ पक्षिनिरीक्षकांच्या आवडीचा. माहितीपत्रकांत धरणाखालच्या संत ज्ञानेश्वर उद्यानाचीच वर्णने अधिक असली, तरी पाहण्याजोगे जे आहे ते या चिखलाच्या काठावर.

काठावरील गावांत पैठण अर्थातच पहिले. सातवाहनांची ही राजधानी समुद्रापासून दूर असूनही समुद्री व्यापारात होती : ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत येथून गोमेदासारखे मौल्यवान दगड बैलगाड्यांनी भडोचच्या बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. गोदाकाठी संत एकनाथांची समाधी, गावात त्यांचा वाडा. फाल्गुन वद्य षष्ठीला नाथषष्ठीची यात्रा भरते. पैठणी याच गावच्या नावाची, तरी मागांची संख्या आता येवल्यात अधिक.

पश्चिमेला अहिल्यानगर रस्त्यावर कायगाव-टोके येथे प्रवरा गोदावरीला मिळते. टोके येथील सिद्धेश्वर मंदिर पेशवेकालीन असून त्याच्या भिंतींवरील कोरीव काम निवांतपणे पाहावे असे आहे. जलाशय भरलेला असला की फुगवट्याचे पाणी येथपर्यंत येते, आणि बजाजनगरकरांना रस्ता न सोडता नाथसागर दिसतो. पैठण रस्त्यावरील बिडकीन येथे आता नवे औद्योगिक क्षेत्र आकाराला येत आहे.

परिसर पाहण्यास डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. काठावरचा गाळ वरून सुकलेला दिसला तरी आत ओला असतो. तेव्हा पाण्यापर्यंत जाण्याआधी गावकऱ्यांना वाट विचारावी.