दसऱ्यानंतरची वाट

नामपूरची मोसम नदी साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांकडून येते. बागलाणच्या याच पट्ट्यातून सुरतेकडचा माल दख्खनेत चढे. पाऊस सरला की लमाणांचे तांडे गोण्या लादलेले बैल, बायकापोरे आणि पाले घेऊन निघत. प्रवासाला दसऱ्याचा मुहूर्त धर्माने घालून दिला, असे मानतात. पुरावा पाहता तो बैलाच्या पोटाने ठरवलेला दिसतो. आश्विनात नद्यांना उतार मिळतो, घाटातला चिखल वाळतो, रानात गवत आणि ओढ्यांना पाणी असते. बैल चरत चरत मजल मारणार, म्हणजे वैरण विकत घ्यायला नको.

यावर कोणी म्हणेल, शिवाजी महाराजांनी सुरत पहिल्यांदा लुटली ती जानेवारी १६६४ मध्ये, मग दसराच का? खरे आहे, वाट उन्हाळ्यापर्यंत खुलीच असे. पण चाऱ्या-पाण्याची सुबत्ता हंगामाच्या तोंडालाच. १६७० मध्ये ऑक्टोबरच्या आरंभी सुरत दुसऱ्यांदा लुटून महाराज बागलाणातूनच परतले आणि १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीच्या रणात मोगल सरदार दाऊदखानाशी गाठ पडली. घोड्यांनाही तेच गवत लागे. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे चढली. वाघिणींना चारा लागत नाही. हळूहळू तांड्यांचा व्यापार बसला आणि दसरा मुहूर्तापुरता उरला.