अतिविष, बीश आणि बचनाग

बदलीच्या नोकरीत परप्रांताची भाषा आपणास लवकर येते, असा आपला सर्वांचाच एक समज असतो. बाजारहाट होते, कचेरीत टिपणे लिहिता येतात, शेजाऱ्यांशी चार सुखदुःखाच्या गोष्टी बोलता येतात. परंतु ती भाषा खरोखर किती आली आहे याची परीक्षा घरात औषध आणण्याची वेळ आली म्हणजे होते. आमची ती परीक्षा लखनौच्या चौकात एका अत्ताराच्या दुकानी झाली, आणि तीत आम्ही जवळजवळ नापास झालो होतो, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

आमच्या घरी पहिले अपत्य झाले तेव्हा साताऱ्याहून आईने बाळगुटीची यादी पाठविली. हिरडा, बेहडा, वेखंड, ज्येष्ठमध, मुरुडशेंग, काकडशिंगी, मायफळ, सागरगोटा, जायफळ आणि अतिविष. आणि प्रत्येकापुढे सहाणेवर किती वेढे द्यावयाचे तो आकडा. असले जिन्नस अत्ताराकडे मिळतील, असे कचेरीतील एका स्नेह्याने सांगितले. 'अत्तार' म्हणताच आमच्या डोळ्यांपुढे कानात घालावयाचे फाये आणि काचेच्या कुप्या उभ्या राहिल्या. परंतु उत्तरेत अत्तार म्हणजे युनानी औषधे विकणारा. अरबांच्या काळापासून सुगंध आणि औषधी यांचा व्यापार एकाच दुकानात चाले. फरीदुद्दीन अत्तार या फारसी कवीचे टोपणनाव त्याच धंद्यावरून पडलेले. मराठीने त्या दुकानातील सुगंध तेवढा घेतला, आणि औषध मागे ठेवले.

यादीचे हिंदी आम्ही मोठ्या हौसेने केले होते. ज्येष्ठमधाची मुलेठी केली, वेखंडाचा बच केला, मायफळाचे माजूफल केले. अतिविष मात्र तसेच ठेवले. शब्द संस्कृत, तो कोणासही कळेल, अशी आमची पदवीधराची समजूत. दुकानातील पोऱ्याने यादी वाचली, 'विष' या अक्षरांवर बोट ठेवले आणि वरच्या फळीवरचा एक डबा काढला. गादीवरील वृद्ध अत्ताराचे लक्ष गेले म्हणून बरे. "बाबूसाहब, यह दूध पीते बच्चे के लिए है?" एवढेच त्यांनी विचारले, आणि पोऱ्याच्या हातातला डबा काढून घेतला. त्या डब्यात बचनाग होता.

पोऱ्याची चूक म्हणावी तर तिच्या पाठीशी सुमारे हजार वर्षांचा इतिहास आहे. युनानी वैद्यकाच्या ग्रंथांत 'बीश' नावाचे एक जहरी मूळ येते. ते आपले बचनाग. हा 'बीश' शब्द अरबांनी आपल्याच 'विष' शब्दावरून घेतला. तेव्हा अत्ताराच्या दुकानी 'विष' या शब्दाचा अर्थ कोणतेही जहर असा मोघम नसून बचनाग असा अगदी नेमका आहे. आणि त्यामागे 'अति' लावणारा गिऱ्हाईक त्यांच्या दृष्टीने अधिकच भयंकर! वृद्धाने दुसऱ्या डब्यातून एक करडे मूळ काढून मोडून दाखविले. आत ते पांढरेशुभ्र होते. "अतीस," ते म्हणाले. इकडे अतिविषाचे नाव एवढेच उरले आहे. 'विष' झिजून गेले आणि बाळे निर्धास्त झाली.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही दोन्ही मुळे एकाच कुळातील, सख्ख्या भावंडांसारखी आहेत. दोघांचे लॅटिन आडनाव ॲकोनायटम हेच. परंतु बचनागातील ॲकोनिटीन हे द्रव्य शुद्ध रूपात दोन मिलिग्रॅमच्या आसपास पोटात गेले तरी मोठ्या माणसाचा प्राण जाऊ शकतो. मज्जातंतूंच्या आणि हृदयाच्या पेशींस सोडियमसाठी जी सूक्ष्म दारे असतात, ती या द्रव्याने उघडीच राहतात. आधी ओठ व जीभ बधिर होतात, मग हृदयाचा ठेका चुकतो, आणि त्यावर नेमका उतारा असा नाही. अतिविषातील ॲटिसीन हे द्रव्य त्या मानाने पुष्कळच सौम्य आहे. 'अतिविषा' या नावाची जुनी व्युत्पत्तीही हेच सांगते. येथे 'अति' म्हणजे फार नव्हे, तर 'ओलांडून गेलेली'; विषास मागे टाकणारी ती अतिविषा. एका उपसर्गाचा अर्थ चुकला तर औषधाचे विष होते, ही गोष्ट आम्ही व्याकरणाच्या तासाला कधी शिकलो नव्हतो. ग्रीक लोकांची मात्र येथे सोय होती. त्यांच्या 'फार्माकॉन' शब्दाचा अर्थ औषध असाही होतो आणि विष असाही. औषधिक्रियाशास्त्राचे पाश्चात्त्य नाव त्या दुहेरी शब्दावरूनच आले आहे. उरतो तो प्रश्न मात्रेचा. पॅरासेल्ससने सोळाव्या शतकात तो शास्त्रात मांडला. आमच्या आईने तो वेढ्यांच्या आकड्यांनी मांडला होता.

त्या दिवसापासून आम्हांस औषधांच्या नावांचा छंद लागला. आणि या छंदास लखनौसारखे गाव नाही. चौकापासून पायी जाण्याच्या अंतरावर झवाई टोल्यात हकीम अब्दुल अजीज यांनी १९०२ साली 'तकमील-उत्-तिब' हे युनानी विद्यालय स्थापिले. जवळच १९११ साली सुरू झालेले किंग जॉर्ज मेडिकल कॉलेज, ज्याचे आता विद्यापीठ झाले आहे. गोमतीच्या काठी छत्तर मंझिल हा नवाबांचा महाल. त्यात १७ फेब्रुवारी १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले. ही संस्था आता शहराबाहेर जानकीपुरमच्या नव्या वास्तूत गेली आहे. नाडी, परीक्षानळी आणि पेटंट अशी तीन युगे एका सायंकाळच्या फेरफटक्यात येतात.

अत्ताराकडील बरण्यांवरची नावे वाचू लागलो तेव्हा पहिला धक्का 'इत्रीफल' या नावाने दिला. 'इत्रीफल कश्नीजी' म्हणून एक चाटण येथे प्रसिद्ध आहे. कश्नीज म्हणजे धने. पण इत्रीफल? तो आपला त्रिफळा! अब्बासी खलिफांच्या काळी बगदादेत भारतीय वैद्यकाचे ग्रंथ भाषांतरित झाले. अली इब्न रब्बन तबरी याने इ. स. ८५० च्या सुमारास लिहिलेल्या 'फिर्दौस-उल-हिक्मत' या ग्रंथात भारतीय वैद्यकास स्वतंत्र विभाग आहे. त्या वाटेने गेलेली आमची तीन फळे काही शतकांनी हकिमांच्या बरोबर इत्रीफल होऊन परत आली, आणि माहेरच्या माणसांनी त्यांस ओळखले नाही. उलट प्रवासही तितकाच मौजेचा आहे. फारसीतील 'गुलाब' म्हणजे गुलाबपाणी. त्याचे अरबीत 'जुलाब' हे गोड पेय झाले, तेच पुढे युरोपात 'जुलेप' झाले. आणि मराठीत त्या नाजूक शब्दाचे जे झाले ते वाचकांस सांगावयास नको. मलम हा अरबी मरहम. इसबगोल म्हणजे फारसीत घोड्याचा कान, बीच्या आकारावरून. इंग्रजी 'सिरप' आणि आपले सरबत ही एकाच अरबी मुळाची दोन रोपे होत. तेव्हा औषधाचे कोणते नाव स्वदेशी आणि कोणते परकीय, हा वाद घालणाऱ्यांनी एकदा या बरण्यांपुढे उभे राहावे, असे आम्हांस वाटते.

नावांच्या या गोंधळाची काळजी वाहणारा पहिला मोठा ग्रंथकार आपल्याच भागात होऊन गेला. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची वैद्य म्हणून ये-जा होती. भारतीय औषधींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. एकाच मुळास अरब काय म्हणतात, दख्खनी लोक काय म्हणतात, गुजराती काय म्हणतात, याची तो पानोपानी चौकशी करतो. आणि पुस्तकी पंडितांपेक्षा बाजारातील माणसावर अधिक विश्वास ठेवतो. आमच्या यादीचे हिंदी करण्यापूर्वी हे पुस्तक आम्ही पाहिले असते तर बरे झाले असते. त्याच्या मृत्यूनंतर १५८० साली इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. पुस्तक मात्र तोवर लॅटिनमध्ये संक्षेपाने उतरून युरोपभर पोहोचले होते.

मेडिकल कॉलेजच्या परिसरात लॅटिनचे राज्य. डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या माथ्यावरील खूण म्हणजे 'रेसिपे', अर्थात् 'घे', असा सरळ आज्ञार्थ. बी. डी. म्हणजे दिवसातून दोनदा, टी. डी. एस. म्हणजे तीनदा. हे संक्षेप सोयीचे खरे, परंतु ओ. डी. या दोन अक्षरांचा अर्थ एकाच्या चिठ्ठीत 'रोज एकदा' आणि नेत्रवैद्याच्या चिठ्ठीत 'उजवा डोळा' असा होतो. कचेरीत संदिग्ध टिपण लिहिले तर फाईल परत येते. येथे काय परत येईल, याचा भरवसा नाही.

देशी परिभाषेचा प्रश्न आणखी निराळा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ पासून मराठीतून वैद्यक शिकविण्याचा वर्ग होता, हे आज पुष्कळांच्या गावीही नाही. पुढे हिंदीचे व मराठीचे परिभाषाकार स्वतंत्रपणे कामास लागले. यकृताच्या ज्या विकारास मराठी कोश यकृतदाह म्हणतो, त्यास हिंदी कोश यकृतशोथ म्हणतो. दोन्ही संस्कृत आणि दोन्ही बरोबर, तरी आमच्यासारख्याने शोथ वाचून सुजेचे औषध मागावे आणि दाह वाचून थंडाईचे! आम्हांस याचे कोडे बरेच दिवस सुटेना. शेवटी ते सुटले सेल्सस या रोमन लेखकाच्या जुन्या लक्षणांत. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही चार त्याने सांगितली आहेत. हिंदीने त्यांतील सूज उचलली आणि मराठीने उष्णता. आमच्या मते मराठीचा शब्द रोग्याच्या तक्रारीस जवळचा आहे, आणि हिंदीचा वैद्याच्या बोटास. परंतु येथील हिंदीभाषक स्नेह्यांस हे मान्य नाही.

छत्तर मंझिलमधील संस्थेची कथाही शब्दांपाशीच येऊन थांबते. काशीस जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ साली आपल्या प्रबंधात सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाचे वर्णन आणि गुग्गुळ यांचा संबंध रक्तातील चरबीशी जोडून पाहिला. 'मेद' या शब्दाचा आजच्या रसायनशास्त्रात अर्थ काय, हाच तेथे कळीचा मुद्दा. लखनौच्या संस्थेने त्यावर पुढे काम करून 'गुगुलिपिड' तयार केले. त्यास १९८६ साली परवानगी मिळाली. मात्र २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांत अपायकारक कोलेस्टेरॉल उतरले नाहीच, उलट थोडे चढले. प्राचीन शब्दाचा अर्वाचीन अर्थ लावणे किती अवघड, याचा हा पुरावा आम्हांस तरी पुरेसा वाटतो.

याच संस्थेचे दुसरे औषध म्हणजे संततिनियमनाची हार्मोनविरहित गोळी. ती आरंभीचे तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदाच घ्यावयाची असते. प्रयोगशाळेत तिचे नाव सेंटक्रोमन. त्यातील 'सेंट' हा संस्थेच्या 'सेंट्रल' नावाचा अंश. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ती ऑर्मेलॉक्सिफेन. तेथील शेवटची अक्षरे औषधाचे गोत्र सांगतात. दुकानात १९९० नंतरच्या दशकात ती सहेली म्हणून आली, आणि सरकारी कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमात छाया म्हणून. एक गोळी आणि चार नावे: एक शास्त्रज्ञांसाठी, एक जगासाठी, एक बाजारासाठी आणि एक आरोग्यसेविकेच्या पिशवीसाठी. सहेली आणि छाया ही निराळी औषधे समजून एखादीने दोन्ही घेतली तर काय, असा विचार आमच्या मनात आला. कारण यादी हाती धरून अत्ताराच्या दुकानी आम्ही एकदा उभे राहिलो होतो.

बाळगुटीचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. मेडिकल कॉलेजात शिकलेल्या आमच्या बालवैद्यांनी सहा महिने आईच्या दुधावाचून काहीही द्यावयाचे नाही, असे बजावले. तसे पत्र आम्ही साताऱ्यास भीतभीतच लिहिले. आईचे उत्तर आले की तुमच्या डॉक्टरांचे ऐका, मात्र डबा ओलाव्यात ठेवू नका. तो डबा आजही फडताळात आहे. त्यातील प्रत्येक पुडीवर आम्ही मराठी, हिंदी आणि लॅटिन अशी तीन नावे लिहून ठेविली आहेत. अतिविषाच्या पुडीवर तेवढे चौथे, वृद्ध अत्ताराने आपल्या हाताने उर्दूत लिहून दिलेले आहे.