मिठाचा इतिहास आणि पहिले बारा आठवडे

बिशानच्या सुपरमार्केटात मी मिठाचं पाकीट उलटून आधी एक शब्द शोधते: आयोडीन. काही पाकिटांवर तो असतो, काहींवर नसतो. भारतात वाढलेल्या माझ्या पिढीला हे शोधायची सवयच नाही, कारण तिथे ही निवड सरकारने आपल्यासाठी आधीच केलेली आहे. एपिसोडमध्ये ती गोष्ट घाईत आटोपली होती. इथे जरा सावकाश सांगते.

1956 साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात एक प्रयोग सुरू केला. गळ्याला गाठ, म्हणजे गलगंड, तिथे घरोघरी दिसायचा. सुमारे 1 लाख लोकवस्तीचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ, मधल्याला साधं. काही वर्षांत त्या दोन भागांतल्या शाळकरी मुलांमधला गलगंड ठळकपणे घटला. मग मधल्या भागालाही तेच मीठ मिळालं. 1962 साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. मोजली गेली ती मुलांच्या गळ्यातली गाठ. पण गर्भाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत काम सुरू करत नाही. तोवर मेंदूच्या वाढीला लागणारं संप्रेरक आईकडूनच येतं. म्हणजे साध्या मिठाच्या भागात त्या वर्षांत दिवस गेलेल्या बायकांनी काय गमावलं, ते त्या आकड्यांत दिसत नाही.

हा फक्त डोंगराळ भागाचा प्रश्न, असा समज बराच काळ होता. पुढच्या पाहण्यांनी तो मोडला. महाराष्ट्रातही गलगंडाचे पट्टे सापडले. आणि हो, कोकणातलं खडेमीठ समुद्राचं असलं तरी त्यात आयोडीन नगण्यच असतं.

1997 साली आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकण्यावर देशभर बंदी आली. 2000 साली केंद्राने ती उठवली, सक्ती नको म्हणून. 2006 पासून ती पुन्हा लागू झाली.

सक्तीबद्दलची शंका मला समजते. मिठाने सगळे थायरॉईडचे विकार टळत नाहीत हेही खरं. काहींना तपासणी आणि गोळी लागतेच. पण खेड्यातली बाई दवाखान्यात पहिल्यांदा पोहोचते तेव्हा अनेकदा ते बारा आठवडे उलटून गेलेले असतात. निवड तिच्यावर सोडायची, तर तिला आधी कळायला हवं ना? मीठ मात्र दिवस राहण्याआधीपासून तिच्या डब्यात असतं.