देवळातील गारव्याचे गमक

वैशाखातील भर दुपारी तापलेल्या फरसबंदीवरून अनवाणी पायांनी भक्त गाभाऱ्यात शिरतो, तोच त्याला गारवा जाणवतो. हा देवाचा प्रसाद खराच. परंतु त्यात जुन्या गवंड्यांच्या ज्ञानाचाही वाटा आहे.

दोन-तीन हात जाडीची दगडी भिंत सावकाश तापते. उन्हाची झळ आत पोहोचेपर्यंत दिवस मावळतो. दगडांच्या सांध्यांत चुना असे. चुनखडी भट्टीत भाजून, पाण्यात विझवून, वाळूसह बैलांच्या घाणीत मळीत. त्यात कोठे गूळ, तर कोठे बेलफळाचा गर घालीत. हा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगडासारखा होतो. तरी त्याची सूक्ष्म छिद्रे उघडी राहतात. भिंतीतील ओल त्यांतून बाहेर पडते आणि वाफ होताना उष्णता घेऊन जाते. माठातील पाणी गार होते, ते याच न्यायाने. वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्यात भांगेचे तंतू असल्याचेही २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिन यांनी १८२४ मध्ये घेतले. नव्या बांधकामास सिमेंट उपयोगी ठरले. परंतु जुन्या भिंतीवर त्याचा गिलावा अगर ऑइल पेंट चढविल्यास ओल आत कोंडते, क्षार फुटतात, दगडाचे पापुद्रे सुटतात.

म्हणून जीर्णोद्धारात जुन्या भिंतीची डागडुजी चुन्यानेच व्हावी. चार दिवस अधिक लागले तरी चालतील. पूर्वजांनी ठेवलेला गारवा नातवंडांनाही लाभला पाहिजे.