हात गुंतले, कान मोकळे

‘पॉडकास्ट’ या शब्दाचे वय फार नाही. बेन हॅमर्स्ली या इंग्रज पत्रकाराने फेब्रुवारी २००४ मध्ये ‘गार्डियन’ वृत्तपत्रातल्या एका लेखात तो सुचवला. ॲपल कंपनीचे ‘आयपॉड’ हे गाणी ऐकण्याचे चिमुकले यंत्र तेव्हा लोकांच्या खिशात जाऊन बसले होते. त्यातला ‘पॉड’ आणि ‘ब्रॉडकास्ट’मधला ‘कास्ट’ यांची ही जोडी. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या ऑक्सफर्ड शब्दकोशाने त्याला वर्षाचा शब्द ठरवले. आयपॉडचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले, पण शब्द मात्र टिकला.

आज एखादी बाई दुपारी क्रोशाची सुई आणि दोऱ्याचा गुंडा घेऊन बसते. मोबाईलवर कुणाची मुलाखत, कुठली कथा, एखाद्या गडाचा इतिहास लावते. बघता बघता रुमालाचे चार फेरे पुरे होतात आणि गोष्टही संपते. हा नव्या काळातला नवा छंद वाटतो, पण त्याचे मूळ फार जुने आहे. हात कामात गुंतलेल्या माणसाचा कान मोकळा असतो, हे माणसाला पूर्वीपासून ठाऊक आहे. त्या मोकळ्या कानात कोणी बोलायचे, हा मात्र कायम भांडणाचा विषय राहिला. त्याच भांडणाचा हा थोडा इतिहास.

आधी क्रोशाबद्दल. विणकामाच्या मानाने ही कला तरुण आहे. छापील नमुने युरोपात १८२० नंतरच्या काळात दिसू लागले. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत ती श्रीमंतांच्या दिवाणखान्यात पोचली. खुद्द व्हिक्टोरिया राणीने म्हातारपणी बोअर युद्धातल्या सैनिकांसाठी क्रोशाचे गळपट्टे विणले होते. पण हीच सुई भुकेल्यांच्याही हातात होती. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक सडले आणि भीषण दुष्काळ पडला. तेव्हा कॉर्क आणि क्लोन्स या भागांतल्या बायकामुलींना क्रोशाची लेस शिकवली गेली आणि त्या लेसवर कित्येक घरांची चूल पेटली. आपल्या देशात आंध्रातले नरसापूर हे गाव या लेससाठी प्रसिद्ध आहे. तिथे ही कला मिशनऱ्यांनी आणली. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी १९८२ मध्ये नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर पुस्तक लिहिले. परदेशात विकला जाणारा माल या बायका दिवसाचे सहा-आठ तास विणत होत्या. व्यापारी मात्र त्यांना कामगार म्हणत नव्हते. घरात बसून फावल्या वेळेचा उपयोग करणाऱ्या गृहिणी, एवढीच त्यांची ओळख होती.

फावला वेळ म्हणा की पोटाची मजुरी, हातांची हालचाल एकच. साखळी, खांब, मुका खांब, पुन्हा साखळी. नमुना हाताला बसला की मोजणे आपोआप होते. डोळे कामावर ठेवावे लागतात, त्यामुळे पुस्तक वाचता येत नाही. पण ऐकता येते. शिवाय हे काम आवाज करत नाही. ही बाब किरकोळ नाही. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये उभे राहून बघा. शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते. यंत्राने कामगाराच्या हातातले कसब घेतले, असे आपण म्हणतो. त्याच्या आधी त्याने कान घेतला. म्हणून ऐकण्याचा हा इतिहास घडला तो हाताच्या, आवाज न करणाऱ्या कामांत.

याला आपल्याकडे एक अपवाद आहे, तो जात्याचा. जात्याला घरघर असते, पण ती सूर धरण्यासारखी. पहाटे दळायला बसलेल्या बाईच्या कानात बोलायला दुसरे कोणी नव्हते. तेव्हा ती स्वतःच बोलली. भाऊ, माहेर, विठ्ठल, सासरचा जाच, पडलेला पाऊस, सगळे तिने ओवीत घातले. समोर खुंट्याला हात लावायला बसलेली जाऊ किंवा नणंद, हा तिचा श्रोता. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. गिरणी आली आणि बाईच्या मनगटाला आराम मिळाला, हे चांगलेच झाले. जाते कोपऱ्यात गेले आणि बोलण्याची ती जागाही गेली, हेही तितकेच खरे. इथे आवाज ऐकणाऱ्याचा स्वतःचा होता.

दुसरी गोष्ट समुद्रापारची, क्युबातली. हवाना शहरातल्या चिरूट कारखान्यांत शेकडो माणसे ओळीने बसून तंबाखूची पाने वळत. बहुतेकांना वाचता येत नव्हते. १८६५ च्या डिसेंबरात ‘एल फिगारो’ या कारखान्यात एक प्रयोग सुरू झाला. काम चालू असताना एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. या कल्पनेला बळ देणाऱ्यांत सातुर्निनो मार्तिनेस होता. तो स्वतः चिरूट वळणारा कामगार, शिवाय कवी. कामगारांसाठी तो ‘ला आउरोरा’ नावाचे पत्र काढत असे. वाचणाऱ्याला म्हणत ‘लेक्तोर’. त्याचे वेतन मालक देत नसे. कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून ते देत आणि काय वाचायचे, हेही मत घेऊन तेच ठरवत. सकाळी वर्तमानपत्र, मग कादंबरी. सर्व्हांटिस, ह्यूगो, झोला, द्यूमा यांची पुस्तके अक्षर न ओळखणाऱ्या माणसांनी अशी ऐकून पाठ केली. ‘माँटेक्रिस्टो’ या प्रसिद्ध चिरुटाचे नाव द्यूमाच्या कादंबरीवरून आले आहे. वाचन आवडले की कामगार पाने कापण्याची छोटी सुरी लाकडी फळीवर टकटक आपटून दाद देत. दोन्ही हात कामात असलेल्यांची ती टाळीच.

सरकारला हे मानवणारे नव्हते. क्युबा तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता. १८६६ मध्येच कारखान्यांतल्या वाचनावर बंदी आली. कामगारांचे लक्ष विचलित होते, हे कारण. खरे तर हात चालूच होते. विचलित होत होते ते मन, आणि भीती त्याचीच होती. पुढे वाचन पुन्हा सुरू झाले. स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत अनेक कामगार अमेरिकेतल्या फ्लोरिडात गेले, तेव्हा लेक्तोरही त्यांच्याबरोबर गेला. होसे मार्ती हा कवी १८९१ मध्ये स्वातंत्र्यासाठी पाठिंबा मागायला टँपा शहरात आला, तेव्हा त्याला ऐकून घेणारे हेच कारखान्यांतले श्रोते होते. लुइसा कापेतियो या पोर्तोरिकोच्या बाईने लेक्तोर म्हणून काम केले. स्त्रियांच्या हक्कांसाठी ती पुढे नावाजली गेली.

टँपात याचा शेवट १९३१ मध्ये झाला. लेक्तोर कामगारांच्या डोक्यात साम्यवाद भरवतात, असे म्हणून मालकांनी त्यांची व्यासपीठे काढून टाकली. कामगारांनी काम बंद केले, पण ते हरले. परतले तेव्हा लेक्तोरच्या जागी रेडिओ आला होता. फरक ध्यानात घ्या. लेक्तोरला कामगार सांगू शकत होते, हे नको, ते वाच. रेडिओला असे काही सांगता येत नाही.

असेच काही आपल्या केरळातही घडले, आणि तेही तंबाखूच्याच धंद्यात. कण्णूरच्या बाजूला विडी वळणारे कामगार आपल्यातल्या एकाला वाचायला बसवत. वर्तमानपत्र, कथा, कादंबरी, राजकीय पुस्तिका. त्याचा रोज बुडू नये म्हणून त्याच्या वाटच्या विड्या बाकीचे थोड्या थोड्या वळून देत. १९६६ चा विडी कामगार कायदा अमलात येऊ लागला, तेव्हा मोठ्या मालकांनी तिथले कारखाने बंद केले आणि हजारो माणसे घरी बसली. त्यातून १९६९ मध्ये ‘दिनेश विडी’ ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेल्या, ऐकून वाद घालत आलेल्या माणसांना एकत्र येऊन संस्था चालवणे अवघड गेले नाही, असे मला वाटते.

मालकांनाही मोकळ्या कानाची किंमत कळली होती. दुसऱ्या महायुद्धात, २३ जून १९४० रोजी, बीबीसीने ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ हा कार्यक्रम सुरू केला. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत ध्वनिवर्धकावरून दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास संगीत. हेतू उघड होता, कंटाळा घालवून उत्पादन वाढवणे. म्हणून संगीत एका लयीचे हवे, फार संथ नको, ऐकण्यात गुंतून जावे असेही नको. एका गाण्यात मधे टाळ्या वाजवायच्या होत्या. कामगार हातोड्या आणि पाने आपटून त्या वाजवू लागले, म्हणून ते गाणे वगळावे लागले. हवानात कामगारांनी स्वतः निवडलेल्या वाचनाला सुरीची दाद मिळत होती. इथे तशीच दाद मिळताच ती वस्तूच काढून घेतली गेली.

आपला रेडिओ या दोन टोकांच्या मधे कुठेतरी होता. आकाशवाणीने कामगारांसाठी आणि महिलांसाठी वेगळे कार्यक्रम केले, भले केले. पण काय ऐकवायचे, हे दिल्लीत ठरे. १९५२ मध्ये माहितीमंत्री बा. वि. केसकर यांना सिनेमाची गाणी हलकी वाटली आणि आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी मोर्चा काढला नाही. त्यांनी सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावले. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथे अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि देशभर गाजली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. कान असलेल्या माणसांनी सरकारला मागे यायला लावल्याचे हे उदाहरण आपण फारसे सांगत नाही.

याच काळात, १९५५-५६ मध्ये, पुणे केंद्राने ‘गीतरामायण’ ऐकवले. गदिमांचे शब्द, बाबूजींचे संगीत, आठवड्याला एक अशी छप्पन्न गीते. ते हिंदू घरांतच ऐकले गेले असे कुणी समजू नये. आमच्या मोहल्ल्यातल्या बायका दुपारी नमाजाच्या जाळीदार टोप्या विणत. क्रोशाच्याच. रमजानच्या आधी मागणी वाढे. मोठ्याने वाचता येणारी एखादी खाला उर्दू किस्से वाचून दाखवी. ती नसली की रेडिओ. घरात बोली दखनी होती. मराठी शाळेची पायरी माझ्या अम्मीने कधी चढली नाही. तिच्याकडे मराठी आली ती कानाने, टोपीचे फेरे घालता घालता. गीतरामायणाच्या पुनर्प्रसारणातून, महिलांच्या कार्यक्रमातल्या पाककृतींतून, श्रुतिकांतून आणि बातम्यांतून. पडदा पाळणाऱ्या घरांत बायकांच्या पायांना मर्यादा होत्या. कानाचा पडदा मात्र सगळ्यांचे ऐकून घेत होता. मी पुढे मराठीत कविता लिहू लागलो, त्यामागे कॉलेजातल्या पाठ्यपुस्तकांइतकाच त्या टोप्यांचाही हात आहे. त्या रेडिओवर क्रोशाचे विणलेले झाकणही असे. कित्येक घरांत असे. जो आवाज हातांना सोबत करी, त्याला हातांनी कपडा शिवावा तसे ते होते.

आता पॉडकास्ट. या सगळ्या इतिहासात ऐकणाऱ्याला इतके मोठे राज्य कधी मिळाले नव्हते. वेळ तिची, विषय तिचा, नको झाले की बोट लावून बंद. मालक नाही, मंत्री नाही. बोलणाऱ्यांतही परवाना लागत नाही. एखाद्या खेड्यातली मुलगी फोनवर बोलून आपले म्हणणे जगापुढे ठेवू शकते. जात्यावरची ओवी आणि आजचा हा आवाज यांच्यात हे नाते आहे. हे स्वातंत्र्य लहान नाही. ज्यांच्या आज्या कोणी लावेल ते ऐकत आल्या, त्यांना त्याची किंमत कळेल.

पण एक गोष्ट वजा झाली आहे. हवानात, कण्णूरमध्ये, आमच्या मोहल्ल्यात, जात्याच्या दोन बाजूंना, ऐकणे एकट्याचे नव्हते. न पटलेल्या वाक्याला तिथल्या तिथे कोणीतरी हरकत घेई. मग वाचणाराही थांबे, वाद होई, एखादीला हसू आवरत नसे. आपल्या आवडीचेच न ऐकता शेजारणीच्या आवडीचेही ऐकावे लागे आणि त्यातूनच नवे काही कानावर पडे. कानातल्या बोंड्या लावून बसलेल्या चार जणी आज एकाच खोलीत चार वेगळ्या जगांत असतात. शिवाय पुढचे काय ऐकावे, हे यंत्र हळूच सुचवू लागले आहे. लेक्तोर निवडायला मतदान होई. या सुचवणाऱ्याला कुणी निवडलेले नाही.

क्युबात कारखान्यांतले वाचन २०१२ मध्ये राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर झाले. तिथे रेडिओ आला, दूरचित्रवाणी आली, तरी लेक्तोर राहिला. आपल्याकडे बचत गटांत, शिवणवर्गांत, क्रोशाच्या भिशीतसुद्धा बायका एकत्र बसतातच. कधीतरी त्यांनी कानातल्या बोंड्या काढून फोन मधे ठेवावा, काय ऐकायचे ते मत घेऊन ठरवावे आणि नंतर त्यावर मनसोक्त भांडावे. भांडणात खांब मोजायचा चुकेल, एखादा फेरा वाकडा जाईल. त्याची काळजी नको. क्रोशाचे काम उसवायला सोपे असते; धागा ओढत चुकीच्या टाक्यापर्यंत मागे यायचे आणि तिथून पुन्हा पुढे विणायला घ्यायचे.